खिडकीकाकांची तिसरी तुकडी

खिडकीकाकांना पाय आहेत हे गावाला फार उशिरा कळलं. बसस्थानकाच्या तिकीटखिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि ती खिडकी अशी होती की बाहेरच्याला दिसायचं ते छातीपासून वर. चष्मा, मिशी, खिशातलं पेन आणि तिकीट पुढे सरकवणारा एक हात. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा केस कापायला गेले, तेव्हा केशकर्तनालयवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही चांगलेच उंच आहात की हो!" काकांनी आरशात बघितलं. त्यांनाही ते नवीनच होतं.

खिडकीने त्यांना आणखी एक खोड लावली होती. दिवसभर समोरच्याला विचारायचं, "कुठलं हवंय? किती हवीत? खिडकीशेजारची हवी का?" घरी येईपर्यंत हवं-नको या विषयाचा इतका वीट यायचा, की स्वतःला काय हवंय हे सांगायचं त्यांनी सोडूनच दिलं. चहा टाकू की कॉफी? मला काहीही चालेल. पंखा राहू दे की बंद करू? मला काय, काहीही. लग्नाच्या आधी काकूंनी धीर करून विचारलं होतं, "मी पसंत आहे ना तुम्हाला?" त्यावरही हे गृहस्थ म्हणाले होते, "चालेल की." काकूंनी ते वाक्य पुढे संसारभर उगाळलं. "मी यांना चालले," असं त्या आल्यागेल्याला सांगत, "चपलेसारखी."

अशा माणसाच्या घरात मुकादम आला. मुकादम म्हणजे कुत्रा. लेकीने आणलं तेव्हा ते मूठभर पिल्लू होतं आणि तिने त्याचं काहीतरी चपळ नाव ठेवलं होतं, ते आता कुणालाही आठवत नाही. दुसऱ्याच आठवड्यात काकूंनी त्याला मुकादम म्हणायला सुरुवात केली, कारण तो स्वतः काडीचं काम करायचा नाही, पण घरात जिथे काम चालू असेल तिथे जाऊन बसायचा आणि नजर ठेवायचा. काकू केर काढायला लागल्या की हा दारात. नळ दुरुस्त करणारा आला की हा मोरीच्या उंबऱ्यावर. त्याची सगळी खटपट संपेपर्यंत जागचा हलायचा नाही आणि मग उठून, एकदा नळ हुंगून निघून जायचा. "झालं, पास केला," काकू म्हणायच्या.

या देखरेखीच्या नोकरीत मुकादम फुगत गेला. पुढे लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि राहायला खोली मिळाली ती चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. मुकादमला घराच्या तीन पायऱ्या चढताना मध्ये विश्रांती लागायची, त्यामुळे त्याला न्यायचा प्रश्नच नव्हता. निघताना लेक त्याच्या गळ्यात पडून भरपूर रडली आणि काकांना म्हणाली, "बाबा, जनावरांचे डॉक्टर म्हणालेत, याला हलवलं नाही तर याचं काही खरं नाही. बर्फाच्या कारखान्यामागे कुत्र्यांच्या कसरतीचा वर्ग आहे. मी नाव घातलंय. न्याल ना? चालेल ना तुम्हाला?"

"मला काय," काका म्हणाले. "चालेल."

आता यात एक गोष्ट काकांनी कुणाला सांगितली नव्हती, काकूंना तर मुळीच नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी बघेनासं झालं होतं. खिडकीसमोर सकाळपासून रांग असायची. रागावलेली का असेना, माणसं त्यांच्याकडे टक लावून बघत असायची. घरी काकूंना वेळ नव्हता आणि लेक लांब गेलेली. उरला मुकादम. काका पेपर वाचायला बसले की तो समोर येऊन बसायचा आणि पेपर संपेपर्यंत बघायचा. काकांनी चष्मा पुसला तरी बघायचा. रिकाम्या माणसाच्या कामाची इतकी कदर करणारं जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि काका त्या कुत्र्यावर अगदी जीव लावून बसले होते.

वर्ग चालवायच्या त्या पूर्वी शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाई. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की कुत्रेच काय, शेजारच्या कारखान्यातले कामगारही उभे राहायचे. मैदानात बाईंनी सगळा संसार मांडला होता. उडी मारायचे दांडे, कापडी बोगदा, लहान मुलांचा असतो तसला सीसॉ आणि ओळीने रोवलेले खांब, ज्यांच्यामधून डावीकडे-उजवीकडे वळत जायचं. तीन तुकड्या होत्या. पहिलीत पिवळा रुमाल, दुसरीत हिरवा, तिसरीत लाल. पूर्ण फेरी बिनचूक झाली की वरच्या तुकडीत बढती, नाही झाली की आहे तिथेच. शाळेत पोरांना पुढे ढकलून ढकलून बाईंचा जीव विटला होता, त्यामुळे इथे त्यांनी कुणाचीही गय करायची नाही असं ठरवलं होतं.

प्रत्येक कुत्र्याला एक गोणपाट मिळायचं. ती त्याची जागा. "एक जण गोणपाटावर, एक जण मैदानात," बाई ओरडायच्या. "दोघांनी मिळून गोंधळ घालायचा नाही!" त्यांना म्हणायचं असायचं की एक कुत्रा पळत असताना बाकीच्यांनी आपापल्या जागी बसावं. पण सूचना ऐकणारा ती कशी घेईल ते देणाऱ्याच्या हातात नसतं.

पहिल्या दिवशी मुकादमला बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं. तो बसला. काकांनी ओढला, चुचकारला, बिस्कीट दाखवलं. मुकादमने बिस्कीट खाल्लं आणि पुन्हा बसला.

"आधी तुम्ही करून दाखवा," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कुत्र्याकडे वळल्या. हे त्या सगळ्यांनाच सांगायच्या. बाकीचे लोक जरा वाकायचे, बोगद्यात हात घालून "ये ये" करायचे आणि झालं. काकांनी मात्र जन्मभर वरिष्ठांचा शब्द शब्दशः पाळला होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पँट गुडघ्यापाशी थोडी वर घेतली, चारी पायांवर आले आणि आत शिरले.

दुसऱ्या टोकाने बाहेर आले तेव्हा मिशीला गवत लागलं होतं आणि श्वास फुलला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. मुकादम मघाशी होता तिथून उठून आपल्या गोणपाटावर जाऊन बसला होता, कान पुढे, मान ताठ. आणि त्याची शेपटी हलत होती. लेक गेल्यापासून ती हलली नव्हती. त्यांनी चष्मा न लावताच पुन्हा बोगद्यात डोकं घातलं.

असं सुरू झालं. मुकादम दांडा ओलांडेना, म्हणून काकांनी ओलांडून दाखवला. सीसॉवर चढेना, म्हणून काका चढले. मधोमध आल्यावर फळी कलायला लागली की ते थांबून एकदा खाकरायचे, दोन्ही हातांनी पँट वर ओढायचे आणि मग उतरायचे. खांबांमधून जाताना आधी त्यांची दिशाच चुकायची, मग पाठ लचकली, मग जमायला लागलं. दर फेरीनंतर ते गोणपाटाकडे बघायचे. मुकादम बसल्या जागेवरून जमेल तसा निकाल द्यायचा. चांगली झाली की शेपटी, नाही तर जांभई.

एकदा दमून ते मुकादमशेजारी गोणपाटाच्या कडेला टेकले. तसा मुकादम लगबगीने उठून उभा राहिला आणि इकडेतिकडे बघायला लागला. बिचाऱ्याला अडचण झाली असं वाटून काका ओशाळून उठले. मुकादम लगेच बसला. काकांनी पुन्हा म्हणून त्या गोणपाटाला अंग टेकवलं नाही.

वर्ग घरापासून लांब होता आणि कुत्र्याला बसमध्ये घेत नसत. खुद्द खिडकीकाकांनाही सवलत मिळाली नाही, कारण नव्या वाहकाने त्यांना कधी पायांसकट पाहिलं नव्हतं. तेव्हा जाऊन-येऊन सगळं चालत. त्यात मुकादमचं पोट हळूहळू वर गेलं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर सगळे काकांकडेच बघत होते.

आणि एके दिवशी काकांची पूर्ण फेरी बिनचूक झाली. बाईंनी शिट्टी वाजवली, पेटीतून हिरवा रुमाल काढला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की हा बांधायचा कुणाला. थोडा वेळ त्या काकांकडे, थोडा वेळ मुकादमकडे बघत राहिल्या. बिनचूक फेरी डोळ्यांदेखत झालेली आणि रुमाल द्यायचा नाही, हे त्यांच्या कवायतीत बसत नव्हतं. त्यांनी तो काकांच्या गळ्यात बांधला.

दुसऱ्या तुकडीत एक दंतवैद्य होते. त्यांचा कुत्रा लांबुडका, सडपातळ, सुटला की दिसायचा नाही. दंतवैद्य स्वतः नाकाने कांदे सोलणाऱ्यांपैकी. ते म्हणाले, "बाई, हा कुत्र्यांचा वर्ग आहे."

"मला सांगताय?" बाई म्हणाल्या. "तुमच्या कुत्र्याने आज दांडा पाडला. यांनी पाडला नाही."

"अहो, पण यांचा कुत्रा कुठाय?"

"पहिल्या तुकडीत," बाई म्हणाल्या. "त्याची प्रगती समाधानकारक नाही."

त्यानंतर काका आठवड्यातून दोनदा जायला लागले, एकदा स्वतःच्या तुकडीला आणि एकदा मुकादमच्या. मुकादम दोन्हीकडे गोणपाटावर. काकू रोज पँटचे गुडघे शिवायच्या आणि म्हणायच्या, "लोकांच्या घरी म्हातारपणी गुडघे दुखतात. आमच्याकडे फाटतात."

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. पहिल्या रविवारी तिने विचारलं, "काय केलं हो मुकादमने?" आवाजात एवढी आशा होती की काकांना खरं सांगवेना. ते म्हणाले, "बोगदा केला." पलीकडून लेक किंचाळली, हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. नव्या शहरात कुणाशी बोलायला नसल्यामुळे एरवी ती फोनवर मरगळलेली असायची. काकांना वाटलं, एवढ्याशा थापेने पोरीचा आठवडा बरा जात असेल तर काय बिघडलं? पुढच्या रविवारी मुकादमने दांडे ओलांडले. त्याच्या पुढच्या रविवारी सीसॉ केला. खोटं म्हणावं तर तपशील एकूण एक खरे होते, अगदी पाठ लचकल्याचासुद्धा. लेकीने कुत्र्याच्या पाठीसाठी मलम पाठवलं, ते काकांनी लावलं आणि गुणही आला.

काकू स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायच्या. "अंगाशी येईल हो," एवढंच म्हणायच्या.

तिसऱ्या तुकडीचा नियम वेगळा होता. तिथे बाई दर वेळी अडथळ्यांचा क्रम बदलायच्या, आणि पळणाऱ्याला बाहेरून कुणीतरी दिशा द्यावी लागायची. काका तिथेही पोचले, पण तिथला लाल रुमाल पहिल्या बिनचूक फेरीनंतरच मिळायचा. एकदा ते बोगदा सोडून चुकून खांबांकडे निघाले, तेव्हा गोणपाटावरून "हुफ्" असा एकच आवाज आला. काका थबकले, वळले, बोगद्यात शिरले. बाईंनी ते पाहिलं. पुढच्या वेळी त्यांनी मुद्दाम अवघड क्रम लावला. तीनदा "हुफ्" झालं आणि तिन्ही वेळा ते बरोबर होतं. मुकादमने सगळ्या तुकड्यांचे सगळे तास बघितले होते, त्याच्याइतकं ते मैदान कुणालाच पाठ नव्हतं.

"बघा," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "सूचना देणारा असा असावा. बडबड नाही, आरडाओरडा नाही, नजर पळणाऱ्यावर. शिका काहीतरी."

"बाई, तो कुत्रा आहे," दंतवैद्य म्हणाले. तेही एव्हाना तिसऱ्या तुकडीत आले होते.

"मग?" बाई म्हणाल्या.

काकांना लाल रुमाल मिळाला. त्या रविवारी तो त्यांच्या खिशात होता आणि आनंद पोटात मावत नव्हता. लेकीने विचारलं, त्यांनी सांगून टाकलं, "मुकादमला लाल रुमाल मिळाला." मग लेक म्हणाली, "बाबा, म्हणजे तो आता चार मजले सहज चढेल!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी विचारच करत होते," लेक सांगत होती. "तुम्हा दोघांवर त्याचा भार टाकलाय याचं मला रोज वाईट वाटतं. वर्गाचं प्रदर्शन आहे ना या महिन्यात? मी येते, त्याला पळताना बघते आणि घेऊनच जाते. चालेल ना?"

"मला काय," काका म्हणाले, कारण तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं. "चालेल."

फोन ठेवून वळले तर काकू दारात हात पुसत उभ्या. "आली का अंगाशी?" त्या म्हणाल्या. "आता सरळ सांगा तिला, की त्याने काही केलेलं नाही. पळालात तुम्ही."

"अगं, खोटारडा म्हणेल ती मला."

"मग घेऊन जाऊ दे त्याला."

मुकादम समोर बसून बघत होता. काकांनी रुमाल काढून त्याच्या गळ्यात बांधून पाहिला, मग सोडून पुन्हा खिशात ठेवला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांनी विचार केला आणि त्यांना एक वाट सापडली. सांगायचं काहीच नाही. मैदानात मुकादमला सोडायचं आणि स्वतः पळायचंच नाही. तो बसून राहील, जसा कायम बसतो. लेकीच्या डोळ्यांनी तिला दिसेल, की हा दोन पावलं चालायचा नाही तर चार मजले काय चढणार! बाप खोटारडा ठरेल तर ठरेल. पोरीसमोर तोंड काळं होईल, पण कुत्रा घरात राहील. रात्री काका बऱ्याच दिवसांनी शांत झोपले, आणि याची त्यांना सकाळी थोडी लाजही वाटली.

लेक सकाळच्या बसने आली. नवा कोरा पट्टा तिने स्वतःच्या गळ्यातच अडकवला होता, निळा, पितळी कडीचा. मुकादमला बघून म्हणाली, "अय्या, किती बारीक झालाय!" काकांनी दचकून मुकादमकडे पाहिलं. खरंच झाला होता.

मैदानाच्या कडेने खुर्च्या मांडल्या होत्या. कारखान्यातले कामगार भिंतीवर बसले होते, कारण खिडकीकाका पळताना बघायला ते कधीच चुकत नसत. पहिल्या-दुसऱ्या तुकडीची कुत्री पळून झाली. बाईंनी तिसऱ्या तुकडीचा पुकारा केला आणि सगळ्यात आधी खिडकीकाकांना बोलावलं. त्यांच्या मागून दंतवैद्य होते. भिंतीवरून टाळ्या पडल्या. लेक अभिमानाने आईकडे बघून हसली. काकूंनी नजर चुकवली.

काका मुकादमला घेऊन मैदानात आले. त्यांनी त्याचा पट्टा सोडला. मग सगळ्यांच्या देखत ते गोणपाटापाशी गेले आणि त्यावर मांडी घालून बसले, मुकादमसाठी शेजारी जागा ठेवून.

मुकादम उठला.

त्याने गोणपाटाकडे बघितलं. गोणपाटावर माणूस होता. मग मैदानाकडे बघितलं. मैदानात कुणीच नव्हतं. इतके महिने जी शिस्त तो पाहत आला होता ती त्याच्या दृष्टीने अगदी सरळ होती. एक जण बसतो, एक जण पळतो. बसणारा बसला होता. मुकादमने एक मोठा सुस्कारा सोडला, अंग झटकलं आणि तो पळाला.

पहिला दांडा त्याने ओलांडला तेव्हा काकांना वाटलं माशी हाकलायला उडाला असेल. दुसरा ओलांडला. तिसरा. खांबांमध्ये शिरला, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, कानाचं टोकसुद्धा खांबाला न लावता. सीसॉवर चढला. मधोमध फळी कलायला लागली तसा थांबला, एकदा शिंकला, मागचा भाग दोनदा हलवून सावरला आणि मग उतरला. भिंतीवरचे कामगार उठून उभे राहिले. अगदी काकांचीच ढब होती ती.

"शाब्बास!" काका ओरडले. गोणपाटावर गुडघ्यांवर उभे राहून, दोन्ही हात वर करून ते ओरडत होते, "शाब्बास रे मुकादम! वळ! बोगदा! हुफ्!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लाल रुमालाचाही झाला नव्हता. मुकादम वळला आणि बोगद्यात शिरला, आणि तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आलं की आपण कशाला शाब्बासकी देतोय. हात तसेच हवेत राहिले.

बोगद्याच्या पलीकडच्या तोंडातून कुणीच बाहेर आलं नाही.

सगळे वाट बघत होते. बाईंच्या हातातलं घड्याळ टिकटिकत होतं. जनावरांच्या डॉक्टरांचं वाक्य काकांच्या कानात वाजलं, याचं काही खरं नाही, आणि त्यांची पाचावर धारण बसली. ते धावत गेले, चष्म्यासकट जमिनीवर आले आणि आत घुसले. मध्यावर मुकादम पसरला होता, जीभ बाहेर, पोट वरखाली होत असलेलं. काकांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती व्यवस्थित धडधडत होती. मुकादमने त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली. तो फक्त दमला होता. आयुष्यात पहिल्यांदाच, काम करून.

"बाबा?" पलीकडच्या तोंडातून लेकीचं डोकं आत आलं. "ठीक आहे ना तो?"

"ठीक आहे. दमलाय."

लेक चांगल्या कपड्यांनिशी रांगत आत आली. बोगदा कापडी होता, त्यामुळे आतला शब्द न् शब्द बाहेर खुर्च्यांपर्यंत ऐकू जात होता. हे त्या दोघांच्या लक्षात आलं नाही आणि बाहेरच्यांनी सांगितलं नाही.

"काय पळाला हो, बाबा! हा चार मजले काय, आठ मजले चढेल."

काकांनी चष्मा काढला. "एक सांगू? तो आज पहिल्यांदा पळाला. आजवर सगळं मी केलं."

"म्हणजे?"

"बोगदा, दांडे, खांब. लाल रुमाल माझा आहे."

मग लेक हसायला लागली, इतकी की अख्खा बोगदा हलायला लागला. "आणि ते मलम?"

"चांगलं होतं. लगेच गुण आला."

हसता हसता तिने डोळे पुसले. मग मुकादमच्या कानामागे खाजवत म्हणाली, "पण आज तर पळाला ना? आता नेते मी याला. तुमची पण दगदग जाईल. चालेल ना?"

"मला काय," काकांच्या तोंडून आपोआप निघालं, "मला काही..." आणि तिथे ते अडकले. मुकादम मनगटावर हनुवटी ठेवून त्यांच्याकडे बघत होता, हातातलं काम हा पुरं करतोय की नाही ते बघावं तसा.

"नाही चालणार," काका म्हणाले. "मला हवाय तो. नको नेऊस."

लेकीचा हात मुकादमच्या कानामागे थांबला. मग ती म्हणाली, "मलाही हवाय, बाबा. संध्याकाळी खोलीवर गेलं की सकाळपर्यंत मी एक शब्द बोलत नाही कुणाशी."

"माहितीये मला."

"तरी मागताय?"

"हो," ते म्हणाले. "तरी मागतोय."

बाहेर दंतवैद्यांनी घसा साफ केला. "बाई, बोगदा अडलाय. आमची पाळी आहे." बाईंनी शिट्टी तोंडाशी नेली. तेवढ्यात बोगद्यातून लेकीचा घोगरा आवाज आला, "धरा हा पट्टा. निळा तुम्हालाच शोभेल. पण मी महिन्यातून एकदा येणार, आणि मी आले की तो माझ्या खोलीत झोपणार." आणि पितळी कडी वाजल्याचा आवाज.

काकूंनी पुढे होऊन बाईंच्या शिट्टीवर हात ठेवला.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून या माणसाने आज पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. बसू दे त्याला आत थोडा वेळ."

मग त्यांनी दंतवैद्यांना हाताने बाजूला सारलं, पदराने डोळे टिपले आणि मोकळ्या पडलेल्या गोणपाटावर बसून घेतलं.